अकरा दिवसांचा अबोला

आमचं घर भांडुप पश्चिमेला, टेंभीपाड्यात. वन रूम किचन. आई-बाबा, आम्ही दोघं आणि नऊ वर्षांची लेक. बाबांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांची कॉट बाहेरच्या खोलीत आहे. कुणाचा आवाज चढला की ते कासावीस होतात, बोलता येत नाही म्हणून हात आपटतात. त्यामुळे आमच्याकडे भांडण म्हणजे आवाज बंद होणं.

गेल्या वर्षी माझा पगार तीन महिने अडकला. मी बायकोला सांगितलं नाही. आज होईल, उद्या होईल, अशी स्वतःचीच समजूत घालत राहिलो. घराचं कर्ज दोघांच्या नावावर, म्हणून हप्ता बाउन्स झाल्याचा मेसेज तिच्याही मोबाइलवर आला. तिने एवढंच विचारलं, "कधीपासून?" मी उत्तर न देता उठलो आणि खाली सोसायटीच्या कठड्यावर जाऊन बसलो. त्यानंतर अकरा दिवस अबोला. एरवी आई-बाबांसमोर ती मला ‘अहो’ म्हणते, घराबाहेर पडलो की ‘अरे’. त्या दिवसांत दोन्ही बंद.

निरोप लेक नेत होती. ओटा आणि माझी खुर्ची यांच्यात जेमतेम सहा फूट. एका सकाळी ओट्याकडून आवाज आला, "विचार त्यांना, डबा नेणार आहेत की नाही." मला स्वच्छ ऐकू आलं. लेक माझ्यापर्यंत आली, जराशी थांबली आणि म्हणाली, "बाबा, आईने तुझ्यासाठी भरली वांगी केलीत. डबा ने हं."

"नेतो म्हणावं," मी पुटपुटलो.

ती परत गेली. "आई, बाबा थँक्यू म्हणाला."

किती दिवस हे पोर आमची वाक्यं गोड करून इकडची तिकडे पोचवत होतं, देव जाणे. त्या दुपारी तो डबा माझ्याने उघडवला नाही.

रात्री गच्चीत जाऊन टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावला, 14416. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे, मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. ती आपल्यासारख्यांसाठी नसावी असं मला वाटायचं. पलीकडच्या बाईंनी जराही घाई केली नाही. तो फोन झाल्यावरच मी खाली येऊन बायकोला म्हणालो, "आपण कुणाकडे तरी जाऊ या." पुढे समुपदेशकांकडे चार वेळा गेलो.

तिथे जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या कामाबद्दल कळलं. जोडपी वाद घालत असताना त्यांनी हृदयाचे ठोके मोजले होते. ठोके मिनिटाला 100 च्या वर गेले की समोरच्याचं बोलणं डोक्यात शिरत नाही, आणि शरीर शांत व्हायला किमान 20 मिनिटं लागतात. त्यांच्या अभ्यासात असे मिटून जाणारे बहुतेक पुरुषच होते. माझं गप्प बसणं मला संयम वाटायचं. तिला ते तोंडावर दार लावल्यासारखं लागायचं, आणि हे तिने मला पहिल्यांदा त्या खोलीत सांगितलं, लग्नाला बारा वर्षं झाल्यावर. उठून जा, पण परत कधी बोलायला बसणार ते सांगून जा, असं समुपदेशक बाईंनी मला बजावलं.

तेव्हापासून सकाळची शेअर रिक्षा सोडली. आम्ही दोघं स्टेशनपर्यंत बोलत चालत जातो, वीस-पंचवीस मिनिटं. एलबीएस रोडच्या सिग्नलपर्यंत पैशांचं बोलायचं, पुढे बाकीचं. कर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी करायचा, बाबांसाठी दिवसा बाई ठेवायची, हे या रस्त्यावरच ठरलं. त्या बाईच्या पगारातला निम्मा वाटा माझ्या बहिणीकडे मागायला मात्र मी आठवडाभर टाळाटाळ केली, आणि एकदा फळवाल्याच्या गाडीशेजारी उभी राहून ही रडली. मी थांबलो. ट्रेन गेली तर जाऊ दे म्हटलं. प्लॅटफॉर्मवर ती लेडीज डब्याकडे वळते. उरलेला विषय दुसऱ्या सकाळी.

परवा स्वयंपाकघरातून हिने लेकीला हाक मारली, "बाबाला विचार गं, चहा घेणार का?"

लेकीने वहीतून मानही वर केली नाही. "तूच विचार ना."

ही पदराला हात पुसत बाहेर आली. "अहो, चहा घेणार?"