फ्यूजनचा ‘उतारा’ कसा काढतात?

सांगलीत लेझर फ्यूजनचा, म्हणजे लेझरच्या जोरावर हलके अणू जोडून ऊर्जा काढण्याचा, विषय निघाला की प्रश्न ठरलेला: ‘२.०५ मेगाज्यूल ऊर्जा घातली, ३.१५ निघाली, मग नुकसान कसलं? आणि ते मोजतात कसं?’

हे आकडे अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटी या लेझर प्रयोगशाळेतले, ५ डिसेंबर २०२२ चे. पण ३.१५ ही फ्यूजनमधून निपजलेली ऊर्जा. नुकसान बघायचं ते घातलेल्या २.०५ चं. (लेझर चालवायला सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली, तो हिशेब आणखी वेगळा.)

साखरेचा उतारा (उसातून हाती लागलेल्या साखरेचं प्रमाण) काढणाऱ्या कारखान्यातल्या केमिस्टला हे लगेच कळतं. उसातली साखर बगॅसमध्ये (चोथ्यात) किती गेली, प्रेसमडमध्ये (रस गाळून उरलेल्या गाळात) किती, मळीत किती, हे तो नमुने काढून मोजतो. उरते ती अज्ञात घट. इथंही तसंच.

लेझरचे १९२ किरण जेमतेम सेंटिमीटरभर लांबीच्या, दोन्ही टोकांना भोक असलेल्या पोकळ नळकांड्यात शिरतात. आतल्या भिंतीवर आपटून त्यांचे क्ष-किरण होतात आणि ते मधल्या बाजरीच्या दाण्याएवढ्या इंधनाच्या गोळीला दाबतात. घातलेल्यापैकी गोळीला मिळते जेमतेम दहा-पंधरा टक्के.

पहिली गळती म्हणजे परत फिरलेला प्रकाश. नळकांड्यातल्या प्लाझ्मावरून (तापून विद्युतभारित झालेल्या वायूवरून) काही प्रकाश आल्या वाटेनं मागं येतो. तो दोन प्रकारचा. ध्वनीसारख्या लाटांवरून परतलेला ३५१ नॅनोमीटरच्या आसपासच राहतो; इलेक्ट्रॉनांच्या लाटांवरून परतलेल्याची तरंगलांबी वाढून ४०० ते ७०० च्या पट्ट्यात जाते. म्हणून फिल्टर लावून दोन्ही वेगळे मोजता येतात. किरण ज्या भिंगातून आत आला त्यातूनच मागं आलेला प्रकाश उपकरणात पकडतात. भिंगाबाहेर सांडलेला एका पांढऱ्या पाटीवर पडतो आणि कॅमेरा त्या पाटीचा फोटो घेतो.

खरी अडचण त्या पाटीची. प्रत्येक शॉटनंतर (लेझरच्या एका माऱ्यानंतर) उडालेल्या धातूचा थर तिच्यावर बसतो, ती काळवंडते आणि प्रकाश कमी दिसतो. तिची परावर्तनक्षमता वेळोवेळी तपासली नाही, तर नुकसान कमी भरतं आणि हिशेब उगाच चांगला दिसतो. शिवाय अशी उपकरणं सगळ्याच किरणांवर नसतात. बाकीच्यांचा अंदाज बांधावा लागतो. त्यात किरण एकमेकांना ओलांडताना ऊर्जेची देवाणघेवाण करतात. त्यामुळं एखाद्या किरणाचं नुकसान त्याच्या मूळ ऊर्जेनं भागलं, की टक्केवारी फसवी निघते.

इलेक्ट्रॉनांच्या लाटा आणखी एक खोड करतात: काही इलेक्ट्रॉन फार वेगवान होऊन इंधन आधीच तापवतात, मग ते नीट दबत नाही. या इलेक्ट्रॉनांमुळं निघणाऱ्या कठीण (जास्त ऊर्जेच्या) क्ष-किरणांवरून त्यांचा अंदाज घेतात.

नळकांड्यातले क्ष-किरण ‘दांते’ नावाचं १८ चॅनेलचं उपकरण भोकातून मोजतं. पण प्लाझ्मा आत सरकून भोक अरुंद होतं. म्हणून त्याच शॉटमधला भोकाचा क्ष-किरण फोटो हवाच. भोकाचं सुरुवातीचं माप धरलं तर या क्ष-किरणांवरून काढलेलं नळकांड्यातलं तापमान कमी भरतं.