एकाच बापाची दोन लेकरं

"एकाच आईबापाची लेकरं तुम्ही, एकाच घरात वाढलात, मग भाऊ असा आणि तुम्ही अशा कशा?"

हा प्रश्न मला लग्नात विचारतात, मयतीत विचारतात, स्टाफरूममध्ये डबा उघडता उघडता विचारतात. विचारणाऱ्याच्या आवाजात निम्मं कौतुक असतं, निम्मी चौकशी. कौतुक माझं, चौकशी धाकट्याच्या दारूची. बरं, उत्तर त्यांनी घरूनच आणलेलं असतं. "शेवटी संस्कार असतात हो", नाहीतर "त्याला बापाचं रक्त लागलं, तुम्ही आईवर गेलात." वर मी लातुरात नीटच्या पोरांना जीवशास्त्र शिकवते, आनुवंशिकतेचं प्रकरण वर्षानुवर्षं माझ्याकडेच, म्हणून पुढचा प्रश्न ठरलेला: "तुम्हीच सांगा मॅडम, सायन्स काय म्हणतं?"

तर तुम्ही विचारलंत म्हणून, एकदाच लिहून टाकते. धाकट्याला विचारून लिहितेय. तो म्हणाला, "लिही की अक्का, फक्त गावाचं नाव टाकू नको."

"आईवर गेलात" याचा निकाल आधी लावते. अण्णांचा राग माझ्यात अख्खा उतरलाय. माझा आवाज चढला की नवरा पोराला म्हणतो, "सरक बाजूला, अण्णा आले." स्वयंपाकघराच्या भिंतीला एक खळगा आहे, तो मी फेकलेल्या पातेल्याचा. पाहुणे विचारतात तेव्हा आम्ही सिलिंडर लागला म्हणून सांगतो. आणि धाकट्याने अण्णांकडून काय घेतलं हे बघायचं असेल तर त्याला गोठ्यात बघा. लाथाडी म्हैस असली की अण्णा तिच्या कानामागे खाजवत काहीतरी पुटपुटायचे आणि ती पान्हवायची. धाकटा अगदी तसाच उभा राहतो, तसाच पुटपुटतो. गावात कुणाची गाय अडली तर रात्री-अपरात्री त्यालाच हाक येते, आणि तशा रात्री तो शुद्धीवर असतो हेही सांगते. पण त्यावरून "पोरगं बापावर गेलं" असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. आमच्याकडे बापावर जाणं दारूपुरतंच.

आता "एकाच घरात". ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमचं घर पडलं. दगडमातीच्या भिंती, वर माळवद. किल्लारीच्या टापूत जी पडली ती बहुतेक असलीच घरं होती. आजी गेली. त्यानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये आलो. पण "आम्ही" म्हणजे कोण? मला मावशीने लातूरला शाळेसाठी नेलं. धाकटा लहान होता, तो राहिला. भूकंपाआधी अण्णा घ्यायचे ते जत्रेला, पोळ्याला. शेडमध्ये आल्यावर दिवसाही घ्यायला लागले. ते दिवस मी सुट्टीपुरते पाहिले, धाकट्याने ते काढले. मला जे अण्णा आठवतात ते त्याच्या वाट्याला आलेच नाहीत. शाळेच्या दाखल्यावर बाप एकच आहे, एवढं खरं.

म्हणजे सगळं परिस्थितीचं? बीएस्सीला असताना मी हेच तावातावाने बोलायचे. घरच्या माणसाचा दोष परिस्थितीवर ढकलता आला की बरं वाटतं. एमएस्सी झाल्यावर सूर बदलला. जुळ्यांवरचे आणि दत्तक मुलांवरचे अभ्यास वाचले आणि वर्गात फळ्यावर लिहायला लागले: दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा निम्म्याच्या आसपास. आकडा बरोबर आहे, आजही लिहिते. त्याचा अर्थ मात्र पोरं चुकीचा लावतात, आणि तुम्हीही लावता. धाकट्याच्या पिण्यातलं निम्मं अण्णांचं आणि निम्मं शेडचं, निम्मी ज्वारी निम्मी बाजरी दळून आणावी तसं, असा तो हिशोब नाही. तो आकडा एका माणसाबद्दल काहीच सांगत नाही. एका समाजात, एका काळात, माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग त्यांच्या जनुकांमधल्या फरकाशी जोडता येतो, एवढंच तो सांगतो. समाज बदलला, काळ बदलला की आकडाही बदलतो.

हे मला तोंडपाठ होतं. कळलं मात्र व्यसनमुक्ती केंद्रात.

धाकट्याला दाखल करताना तिथल्या समुपदेशकाने घरचा इतिहास विचारला. साधा, शांत माणूस. कोऱ्या कागदावर त्याने आमची वंशावळ काढायला घेतली: पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आणि व्यसन असेल तर आतून भरायचं. ही खूण मी हिमोफिलिया, म्हणजे रक्त न गोठण्याचा आनुवंशिक आजार, शिकवताना दरवर्षी फळ्यावर काढते, तो ज्यात उतरला ते व्हिक्टोरिया राणीचं सगळं खानदान मला पाठ आहे. माझ्याच घराण्याची अशी कधी काढली नव्हती. तो विचारत गेला, मी सांगत गेले. आजोबा? घ्यायचे. चौकोन भरला. अण्णा? भरला. धाकटे चुलते? लिव्हर खराब होऊन गेले. भरला. त्याचं बॉलपेन अडखळत चालत होतं, प्रत्येक चौकोन तो दोनदा-तीनदा गिरवत होता. आजी, आत्या, माय, मी: चारी गोल कोरे. शेवटी धाकट्याचा चौकोन. तो माझ्या शेजारी बसून हे सगळं बघत होता, हात मांड्यांखाली दाबून. कारण ते थरथरत होते.

कागद पुरा झाला आणि मला हसू फुटलं. नीटच्या कुठल्याही पोराला तो दाखवला असता तर त्याने क्षणात उत्तर दिलं असतं: वाय-लिंक्ड, म्हणजे फक्त पुरुषांत असणाऱ्या वाय गुणसूत्रावरून येणारं. बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे, बायकांत शून्य. पुस्तकातल्या आकृतीसारखं स्वच्छ. आणि दारूचं असं वाय गुणसूत्रावर काही बसलेलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक. एकच एक दारूचा जनुकही नसतो. पुष्कळ असतात, थोडा थोडा जोर लावणारे, आणि त्यातले बहुतेक लेकीला मिळायची शक्यता लेकाइतकीच.

समुपदेशकाने मला विचारलं, "ताई, तुम्ही कधी घेतलीये?"

"नाही."

"का?"

मी तोंड उघडलं. संस्कार म्हणणार होते, शिक्षण म्हणणार होते, बहुधा मावशीचं नाव घेणार होते. त्याआधी धाकटाच बोलला. "तिला कोण देणार व्हतं, सर? मला अण्णा आणायला पाठवायचे. पिशवी घेऊन, वरून कोथिंबीर टाकून. तिला एकदा तरी पाठवलं का, इचारा तिला."

समुपदेशकाने विचारलं नाही. धाकटा पुढे सांगत राहिला, कागदाकडे बघत. एका पोळ्याला, बैल मिरवून आणल्यावर, अण्णांनी चारचौघांत त्याच्या हातात ग्लास दिला. "गडी हायस का न्हाईस?" सगळे हसले, त्याने डोळे मिटून घोट घेतला, सगळ्यांनी पाठ थोपटली. तो पोळा मला आठवतो. मी गावी आले होते, चार पावलांवर मायजवळ बसून पुरण वाटत होते. बाहेर एवढं काय हसतायत म्हणून मी उठायला लागले, तर माय म्हणाली, "बस गपचिप, गडीमानसात कशाला जातीस?"

मी वाचले कशी, याचं निम्मंअधिक उत्तर त्या वाक्यात असेल. ज्या वाक्यावर मी आयुष्यभर चिडत आले, त्यात.

याला पुरावा मागाल तर अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ केनेथ केंडलर आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा स्वीडिश जुळ्यांवरचा अभ्यास आहे, एकत्र वाढलेली आणि वेगळी वाढलेली अशी जुळी. विषय तंबाखू. पुरुषांत आनुवंशिकतेचा वाटा साठ टक्क्यांच्या आसपास. १९२५ च्या आधी जन्मलेल्या बायकांत जवळजवळ शून्य, आणि १९४० नंतर जन्मलेल्या बायकांत जवळपास पुरुषांइतकाच. पंधरावीस वर्षांत कुणाची जनुकं बदलत नाहीत. बाईने तंबाखू घेतली तर लोक काय म्हणतील, ते बदललं. रक्तात असलेलं दिसायलासुद्धा आधी दार उघडावं लागतं.

म्हणून माझं कौतुक करू नका. माझा गोल कोरा आहे, एवढंच. तो धुतलेला आहे की लिहिलाच गेला नाही, हे मला माहीत नाही, आणि आता या वयात तपासून बघायची छातीही नाही. कॉलेजच्या सहलीत मैत्रिणींनी बिअर पुढे केली तेव्हा मी पेला हातात घेऊन ठेवून दिला. तत्त्वाने नव्हे. आवडली असती तर?

एवढं लिहून मी सुटले असं वाटत असेल तर चुलत भावाचं काय करू? धाकट्याच्याच वयाचा, बाजूच्याच शेडमधला. बाप तोच, लिव्हरने गेलेला. तोही पिशवी घेऊन जायचा, त्यालाही पोळ्याला ग्लास मिळाला. आज मोंढ्यात आडत चालवतो आणि सुपारीसुद्धा खात नाही. ग्लासाने सगळं होत असतं तर तोही गेला असता. विचारलं तर म्हणतो, "मला वासच सहन होत नव्हता बगा." आता हा वास सहन न होणं कुठून आलं? आजोबांचं जे धाकट्याला मिळालं ते जनुकांचे पत्ते पिसताना याच्या वाट्याला आलं नाही? की बापाला रक्ताच्या उलट्या करताना त्याने पाहिलं म्हणून? त्याला नाही सांगता येत, मला नाही, आणि सख्खी भावंडं इतकी वेगळी का निघतात यावर आयुष्य घालवलेले लोकही शेवटी बरंचसं योगायोगावर सोडतात.

धाकटा केंद्रातून आला, काही महिने बरा होता, पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. पैसे मी देते की नाही, हा प्रश्न कृपया विचारू नका.

यंदा माझा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला चाललाय, हॉस्टेलवर. त्याला मी ती वंशावळ काढून दाखवली. म्हटलं, मामाचा चौकोन तुझ्यापासून लांब नाही, घरात इतिहास असला की धोका वाढतो, पण ठरलेलं काही नसतं, हातात ग्लास कोण देतं यावर पुष्कळ असतं. त्याने कागद नीट बघितला. आईचा गोल कोरा का, हे नेमकं त्यानेही विचारलं. मी पोळ्याचं सांगितलं.

"मग मला हॉस्टेलला कशाला पाठवायलीस?" तो म्हणाला.

मी म्हटलं, फी भरून झालीय.