शेवटचा फर्मा

नवं पुस्तक आलं की मी पानं मोजत नाही. शेवटच्या पानावरचा आकडा बघायचा, दाखल नोंदवहीत 'पृष्ठे'च्या रकान्यात उतरवायचा, शिक्के मारायचे, गुप्त पानावर (आतलं एक ठरलेलं पान) दाखल क्रमांक टाकायचा, झालं. सार्वजनिक ग्रंथालयांच्या १९६७च्या कायद्याखालच्या अ-ब-क-ड वर्गांत आमचं वाचनालय 'ब', तालुक्याचं. अनुदान हप्त्यानं येतं, पुस्तकं एकदम येतात आणि तपासणीच्या आत सगळी चढवायची. पानं कोण मोजत बसतं?

त्या कादंबरीमालेचा चौथा, शेवटचा भाग असाच चढवला. ३०४ पानं. गाव अगदी आमच्या परभणीकडचं वाटावं: जिनिंग, सोमवारचा बाजार, मीटरगेजचं स्टेशन. आधीचे तीन भाग इतके फिरले की पुठ्ठे दोनदा बदलले. चौथा मी आधी स्वतः घरी नेला (हा हक्क कुठल्या नियमात नाही, पण आहे). म्हातारा मास्तर शेवटच्या गाडीला हात करतो आणि बाकावर बसून राहतो, पोराकडे पुण्याला जात नाही. तिथं पुस्तक संपतं. रात्री दीडला मी एकटीच रडत बसले. पुढे दीड वर्षात कितीतरी जणांनी नेलं. प्रत्येकाला तोच बाक आठवायचा.

परवा माहेरी आलेली एक जुनी वाचक म्हणाली, "बाई, मास्तर पुण्याच्या गॅलरीत तुळस लावतो ना, तिथं मला लई रडू आलं."

कुठली तुळस?

३०४ला सोळानं भागून बघा. बरोबर एकोणीस. सोळा-सोळा पानांचे फर्मे लावून पुस्तक शिवतात. आमच्या प्रतीत विसावा लावायचाच राहिला होता. खोडी अशी की ३०४व्या पानाच्या तळाशी वाक्य पूर्णविरामावर संपतं. अर्धवट तुटलं असतं तर पहिल्याच वाचकानं माझ्या टेबलावर आदळलं असतं. विक्रेता म्हणाला, "दीड वर्षानं तक्रार?" त्याचंही खरंच. आमचे अध्यक्ष म्हणाले, "कुणाला कळलं नाही ना, मग?" अध्यक्ष वाचत नाहीत.

त्या माहेरवाशिणीच्या प्रतीवरून सोळा पानांची झेरॉक्स काढली. मास्तर आठवड्यातच पोराच्या गाडीत बसून जातो. मी ज्याच्यासाठी रडले ते लेखकानं लिहिलंच नव्हतं, बाइंडरनं लिहिलं होतं.

पहिल्यांदा बोलावलं एसटीतून रिटायर झालेल्या कंडक्टर मामांना. ऐकून भडकलेच. "पुरं तिकीट घेतलात आन् अलीकडच्या स्टॉपला उतरवलात की बाई!" झेरॉक्स घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी गुपचूप टेबलावर ठेवली.

"मामींना वाचून दाखवली?"

"नाही. मागं सगळं पुस्तक तिला मोठ्यानं वाचून दाखवलो होतो. तिचा मास्तर हितंच हाय. ऱ्हाऊ द्या."

त्यांचा मुलगा हिंजवडीला असतो. दर दिवाळीला दोघांना न्यायला येतो.

पानं चिकटवायला डिंक काढून ठेवलाय. काल कॉलेजची एक मुलगी चौथा भाग घेऊन गेली. पानं ड्रॉवरमध्येच होती.