‘माहीत नाही’ म्हटल्यावर

फिलाडेल्फियात लिबर्टी बेल बघायला पाहुणे आले, की मी त्यांना आणखी थोडं चालवते आणि डब्ल्यूएचवायवाय या सार्वजनिक वाहिनीची इमारत दाखवते. पाहुणे विचारतात, इथे काय आहे? मी सांगते, याच वाहिनीच्या स्टुडिओत ‘डबल डेअर’ या मुलांच्या प्रश्नमंजूषेचं चित्रीकरण सुरू झालं. ऑक्टोबर १९८६मध्ये निकलोडियन या मुलांच्या वाहिनीवर तो कार्यक्रम लागला आणि आज पन्नाशीला टेकलेल्या माझ्या शेजाऱ्यांचं सगळं बालपण त्याने व्यापलं. शाळेतून आलं, दप्तर टाकलं, की टीव्हीसमोर.

मी वाढले गोव्यात, माशेलला. हा कार्यक्रम मला कळला तो शेजारीण आणि तिच्या नवऱ्याकडून, आणि नीट उमगला तो गेल्या उन्हाळ्यात, इथल्या आमच्या गावातल्या वाचनालयाने मुलांसाठी तसाच खेळ ठेवला तेव्हा.

आधी नियम सांगते, कारण सगळी गंमत नियमातच आहे. दोन-दोन मुलांचे दोन संघ. प्रश्न विचारला, उत्तर येत असेल तर द्यायचं. येत नसेल तर समोरच्या संघाला म्हणायचं, ‘डेअर’, म्हणजे हिंमत असेल तर तुम्ही सांगा. रक्कम दुप्पट होते. त्यांनाही येत नसेल तर ते ‘डबल डेअर’ म्हणून प्रश्न परत तुमच्याकडे ढकलतात, रक्कम चौपट. आता मात्र सुटका नाही. एक तर उत्तर द्या, नाहीतर ‘फिजिकल चॅलेंज’ घ्या. वीस-तीस सेकंदांत काहीतरी करून दाखवायचं, आणि त्यात क्रीम, अंडी, रंगीत चिकट पाणी यांतलं काही ना काही अंगावर येणारच. शेवटी जिंकलेला संघ अडथळ्यांच्या शर्यतीत उतरतो. साठ सेकंद, आठ अडथळे, प्रत्येक ठिकाणी लपवलेला एक झेंडा. सगळ्यांना आठवतं ते माणसापेक्षा मोठं नाक, ज्याच्या नाकपुडीत हात घालून हिरव्या शेंबडातून झेंडा शोधायचा!

मी शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावात वाढलेली मुलगी. वर्गात प्रश्न आला आणि उत्तर आलं नाही, तर मान खाली घालून उभं राहायचं, बस्स. त्यापुढे काही नसतं. इथे मात्र उत्तर न येणं ही खेळातली एक चाल आहे. समोरच्याला येत असेल का, याचा अंदाज बांधायचा, आणि अंदाज चुकलाच तर हातापायांनी भरपाई करायची. मला हे फार मोलाचं वाटतं, आणि माझ्या मुलीला ते नऊव्या वर्षीच मिळालं याचा आनंद वाटतो. निकलोडियनवर याच्याआधी कॅनडातल्या ओटावाचा एक मुलांचा कार्यक्रम दाखवायचे. त्यात ‘मला माहीत नाही’ म्हटलं, की वरून हिरवा चिखल डोक्यावर पडायचा. तिथे चिखल शिक्षेसारखा येई. ‘डबल डेअर’मध्ये मुलं तो आपणहून मागू लागली.

वाचनालयाच्या मागच्या हिरवळीवर निळ्या ताडपत्र्या अंथरल्या होत्या. लेकीच्या संघाला प्रश्न आला, ऑस्ट्रेलियाची राजधानी कोणती? दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ‘सिडनी’ ओठांवर होतं, पण लेकीला शंका आली. म्हणाली, ‘डेअर’. समोरच्या मुलांनी लगेच ‘डबल डेअर’ केलं. मग दोघी डोकं जोडून कुजबुजल्या आणि चॅलेंज घेतलं. मैत्रिणीच्या डोक्यावर नरसाळ्याची टोपी, आणि लेकीने दहा पावलांवरून स्पंज पिळून त्यात रंगीत पाणी मारायचं. अर्धं पाणी मैत्रिणीच्या मानेत गेलं, तरी रेघेपर्यंत भरलं. कॅनबेरा हे उत्तर नंतर कळलं, आणि आता ती ते जन्मात विसरणार नाही.

शेवटच्या शर्यतीत पुठ्ठ्याचं नाक होतं, आत हिरवं कस्टर्ड. लेक नाकापाशी पोचली आणि थांबली. तिने माझ्याकडे वळून पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला कळला, कारण ताटात अन्न टाकायचं नाही, हात बरबटू द्यायचे नाहीत, हे मीच तिला शिकवलंय. सेकंद धावत होते. मी म्हटलं, ‘जा गं!’ कोपरापर्यंत हात आत गेला आणि केशरी झेंडा बाहेर आला.

अन्नाची नासाडी मला अजूनही खुपते. घरी येऊन शेजारणीला तसं सरळ सांगितलं. पुढच्या वेळी कस्टर्डऐवजी माती कालवू, असं दोघींनी वाचनालयाला सुचवलंय. मातीचं मला काहीच वावडं नाही. आषाढी एकादशीला देवकीकृष्णाच्या देवळात भजन घुमतं आणि दुसऱ्या दिवशी माशेलच्या मैदानात चिखलकाला होतो. अंगाला तेल चोपडून माणसं चिखलात लोळतात, खेळतात, आणि घरी कुणी रागवत नाही. त्या दिवशी ताडपत्रीवरची पोरं बघताना पावसात भिजलेलं ते मैदानच डोळ्यांपुढे आलं.

‘डबल डेअर’चे सूत्रसंचालक मार्क समर्स यांच्याबद्दल शेजारणीने सांगितलं, ते मात्र मनातून जात नाही. ज्याला आपण मंत्रचळ म्हणतो तो आजार त्यांना होता. लहानपणापासून सगळं स्वच्छ, सगळं जागच्या जागी लागायचं, आणि काम मिळालं ते टीव्हीवरच्या सगळ्यात राड्याच्या कार्यक्रमात. मुलं हसत होती तेव्हा हा माणूस त्या चिकट पसाऱ्यात उभा राहून हसत होता. नव्वदच्या दशकात ते आजाराबद्दल जाहीर बोलले, १९९९मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. २०१८मध्ये लायझा कोशी या तरुण सूत्रसंचालिकेबरोबर कार्यक्रम पुन्हा आला, तेव्हाही ते तिथे होते. त्यांचे जुने भाग मी आता वेगळ्या डोळ्यांनी बघते. मुलांना उचलून धरताना, त्यांच्या माखलेल्या हातात हात देताना त्यांना काय सोसावं लागलं असेल!

लेकीला अंगणात नळीखाली उभं करून धुतली, तरी कानामागचा हिरवा रंग दोन दिवस राहिला. रविवारी माशेलला फोन लावला. आईची सवय अशी, की नातीची खुशाली विचारायच्या आधी पाढा विचारणार.

‘सतरा सत्ते?’

लेक क्षणभर गप्प. मग ठणकावून म्हणाली, ‘आजी, डेअर!’

‘एकशे एकोणीस,’ आई म्हणाली. ‘पण डेअर म्हणजे काय गो?’

लेकीने नियम समजावून सांगितला. मग आजीच्या नावावर दुप्पट गुण लिहून घेतले.