पिल्ले राखणारी मरळ

हतनूरच्या जलाशयावर गळ टाकायला मी गेली अनेक वर्षे नेमाने जातो. चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते आणि त्या संगमाच्या खालच्या अंगाला, भुसावळ तालुक्यात, १९८२ साली पूर्ण झालेले हे ४१ दरवाज्यांचे धरण उभे आहे. दोन्ही नद्या पुरात एवढा गाळ आणतात की फुगवट्याचा बराच भाग उथळ झाला असून काठाला पाणवनस्पती माजल्या आहेत. धरणाच्या दृष्टीने हे वाईटच. पण मरळीला मानवते ते असेच पाणी.

रोहू, कटला आणि मृगळ यांच्यासाठी कणकेचा गोळा पुरतो. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरत असल्यामुळे आमिष किती खोल सोडायचे एवढे कळले की अर्धे काम होते. मरळ मात्र शिकारी मासा आहे. अमेरिकेतल्या जलाशयांत ब्लॅक बास या माशासाठी वापरला जाणारा पोकळ रबरी बेडूक आता आपल्याकडचे हौशी लोक मरळीसाठी वापरतात, कारण त्याच्या गऱ्या वरच्या बाजूला वळलेल्या असल्याने तो पाणवनस्पतींत न अडकता पृष्ठभागावरून सरकतो आणि मरळ त्यावर खालून झेप घेते.

या दोन माशांत आणखी एक साम्य आहे आणि मला लिहायचे आहे ते त्याविषयीच. बासचा नर घरट्यावर पहारा देतो. मरळीची नर-मादी दोघेही पिल्ले राखतात. पावसाळ्यात उथळ पाण्यावर तांबूस-नारिंगी पिल्लांचा दाट थवा बुडबुडे उठावेत तसा हलताना दिसतो. त्याच्या खालीच आईबाप असतात. त्या थव्यावर बेडूक टाकला की ते भुकेने नव्हे, तर पिल्लांच्या रक्षणासाठी त्याच्यावर तुटून पडतात, म्हणूनच पुष्कळ जण मुद्दाम थवा शोधत फिरतात.

पहिल्या वर्षी मीही तेच केले. मोठी मरळ काठावर आली, तेव्हा शेजारी जाळे विणत बसलेले एक वयस्क भोई आजोबा मला काहीच बोलले नाहीत, फक्त त्यांनी पाण्याकडे बोट दाखवले. थवा विस्कटला होता आणि बगळे व पाणकावळे त्यातली पिल्ले टिपत होते. शेकडो पिल्लांची राखण मी एका माशासाठी मोडली होती, आणि ते दृश्य अजूनही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आता आषाढ-श्रावणात मी रबरी बेडूक घरीच ठेवतो. ज्या मच्छीमार संस्थेकडे ठेका आहे तिच्या माणसांना विचारून, गांडूळ लावून, टिलापियासाठी दगडी बांधाकडे बसतो. गेल्या श्रावणात तिथूनच दोन थवे दिसले. संध्याकाळपर्यंत ते वेलींच्या कडेने हळूहळू सरकत होते आणि मधूनच त्यांच्याखाली एक काळसर पाठ हवा घ्यायला वर येत होती.