आनंदीबाईंचं बाळ: कोल्हापूरचा ठिपका काढला

मंडळी, आपल्या समाधी-थडग्यांच्या वहीतली आणि नकाशावरची या मोसमाची प्रगती.

बेळगावच्या कॅम्पातल्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीचं काम पावसाआधी उरकलं. (अक्षरं पुसट असली तरी खडू किंवा पीठ चोळू नका, दगड खराब होतो. अंधार पडताना बाजूनं तिरकी बॅटरी मारा, वाचता येतं.) तिथं गोऱ्यांच्या तान्ह्या पोरांचेही दगड आहेत. ते बघूनच आमच्या निपाणीकरांनी विषय काढला: डॉ. आनंदीबाई जोशींचं बाळ कुठं पुरलं असेल?

आईचा ठावठिकाणा पक्का आहे. २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या पुण्यात वारल्या, रक्षा अमेरिकेत त्यांना आसरा देणाऱ्या कार्पेंटरबाईंकडे गेली, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत आजही दगड आहे. मुलगा मात्र दहा दिवसच जगला.

दगड सापडेल ही आशा मी तरी सोडलीय. दोन वर्षांच्या आतलं मूल पुरावं आणि त्याला उदक देऊ नये, असं याज्ञवल्क्यस्मृती सांगते. बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे पोराला नावही मिळालं नसणार. नाव नाही, श्राद्ध नाही. मग त्र्यंबकच्या उपाध्यांच्या वंशावळीच्या वह्या चाळून काय मिळणार? शोधायचं ते गाव.

निपाणीकरांचा जीव कोल्हापुरात अडकलाय. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव पोस्टात होते, बदलीनं कोल्हापुरात आले, १८७८ साली बायकोच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना त्यांनी पत्र लिहिलं ते तिथूनच. पुढं आनंदीबाईंची नेमणूकही तिथल्याच आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात झाली. आज आपल्या भागातले पेशंट ज्या सीपीआरला (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात) नेतात, तेच हे. त्यामुळं पंचगंगेकाठी ठिपका मारायचा मोह होतो, खरं आहे.

पण तारखा बघा की. आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. बाळंतपणाचं वय चौदा सांगतात; ते पूर्ण धरलं तर १८७९ चा मार्च उलटलेला, चौदावं धरलं तर त्याआधीचं वर्ष. कोल्हापूरचं पत्र या दुसऱ्या हिशेबात बसतं, मान्य. तरी नवऱ्याच्या बदलीचं गाव म्हणजे बाळंतपणाचं गाव नव्हे. पहिलटकरीण माहेरी जाते, आणि माहेर कल्याणला. आपल्या घरच्या आज्या कुठं बाळंत झाल्या, विचारून बघा! माझं माप कल्याणच्या बाजूनं झुकतं. अमेरिकेत प्रबंधाला त्यांनी प्रसूतिशास्त्रच घेतलं, हे वाचताना गलबलतं, पण त्यातून गाव कळत नाही.

हल्ली कुठल्याही बेनाव चौथऱ्याला 'अमक्याची समाधी' म्हणून शेंदूर फासायची घाई असते. आपल्या नकाशावर तसलं नको.

म्हणून कोल्हापूरचा ठिपका काढलाय. कल्याणलाही मारलेला नाही. आता गोपाळरावांच्या १८७८-७९ मधल्या बदल्यांचा क्रम महिन्यांसकट लावायचा आहे. कोल्हापूर पुराभिलेखागारात कुणाचं जाणं-येणं असेल तर कळवा. आणि निपाणीकर, तुमची हरकत असेल तर तारीख घेऊन या.