लिनक्सवर वायफाय डोंगल चालू करताना: माझा अनुभव

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि घरच्या डेस्कटॉपचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसेना. धडधाकट मशीन भंगारात कशाला घालायचं, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. ते विनासायास झालं. राउटर हॉलमध्ये, मशीन आतल्या खोलीत, तेव्हा एक छोटा यूएसबी वायफाय डोंगल आणला आणि तिथे घोडं अडलं.

डोंगल लावला की नेटवर्कची यादी दिसायच्या ऐवजी डेस्कटॉपवर सीडीचं चिन्ह यायचं. उघडलं तर आत विंडोजचा सेटअप. कंपनीच्या हेल्पलाइनवर एकच पालुपद: ‘सर, ड्रायव्हर इन्स्टॉल करा.’ लिनक्स आहे म्हटल्यावर ‘मग पीस खराब असेल, बदलून घ्या.’ पीस अगदी ठणठणीत होता. याचा राग अजून गेलेला नाही, कारण खोक्यावर लिनक्सचं नाव छापलेलं आहे.

टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, ‘एलएसयूएसबी’ (यूएसबीला जोडलेल्या वस्तूंची यादी देणारी कमांड) लिहून एंटर मारलं तेव्हा उलगडा झाला. यादीत रिअलटेक या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या नावापुढे आयडी होता ०बीडीए:१ए२बी, आणि पुढे स्पष्ट लिहिलेलं, ‘ड्रायव्हर सीडीरॉम मोड’. म्हणजे हा डोंगल आधी स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणवतो. विंडोजवाल्यांना वेगळी सीडी द्यावी लागू नये म्हणून ही सोय. विंडोजवर ड्रायव्हर बसला की तोच त्याला वायफायच्या रूपात आणतो. लिनक्सवर ते काम दुसऱ्या कुणीतरी करावं लागतं. तोवर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, दृष्टीने मशीनला वायफाय कार्ड लागलेलंच नसतं, मग तुम्ही नेटवर्क सेटिंग्ज कितीही चाळा.

यासाठी ‘यूएसबी-मोडस्विच’ नावाचं पॅकेज आहे. इंटरनेट नसताना ते आणायचं कसं? फोन केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट केबलने मशीनला देणं) चालू करा, मिंट ते लगेच ओळखतं. मग सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालव) लावून यूएसबी_मोडस्विच ही कमांड चालवायची: कॅपिटल ‘के’, म्हणजे सीडी बाहेर काढ, ‘व्ही’ पुढे ०बीडीए, ‘पी’ पुढे १ए२बी. क्षणात सीडीचं चिन्ह गेलं. पुन्हा एलएसयूएसबी केलं तर आयडी बदलून ०बीडीए:सी८२० झालेला, आणि कोपऱ्यात आमच्या सोसायटीतली सगळी वायफाय नावं हजर. इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू!

इथे एक महत्त्वाचं. माझ्या डोंगलमधल्या आरटीएल८८२१सीयू या चिपचा यूएसबी ड्रायव्हर कर्नल ६.२ पासून लिनक्समध्येच आहे. मिंट २२ चा कर्नल ६.८, त्यामुळे वेगळं काही टाकावं लागलं नाही. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत ड्रायव्हरचा सोर्स (मूळ कोड) उतरवून तो स्वतः कंपाइल करायला, म्हणजे चालेल अशा रूपात आणायला, सांगतात. तुमचा कर्नल नवा असेल तर त्या भानगडीत पडू नका. सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी मशीनची सुरक्षा सोय) चालू असेल तर असा स्वतः कंपाइल केलेला ड्रायव्हर डिजिटल सही केल्याशिवाय लोड होत नाही, आणि कर्नल अपडेट झाला की कधीकधी पुन्हा बंद पडतो. आधी ‘यूनेम -आर’ करून आपला कर्नल बघा.

मशीन रीस्टार्ट केल्यावर सीडी परत आली. त्यावर यूडेव्हचा (उपकरण जोडलं की काय करायचं ते ठरवणाऱ्या लिनक्सच्या भागाचा) नियम हाच उपाय: हा आयडी दिसला की वरची कमांड आपोआप चालव, एवढी एक ओळ ‘इटीसी’मधल्या यूडेव्हच्या रूल्स फोल्डरात ठेवली. तेव्हापासून आईसुद्धा मशीन चालू करून थेट भजनं लावते.

राहिलंच, डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टशेजारी लावू नका. त्या पोर्टच्या गोंगाटाने २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल बिघडतो. हातभर एक्स्टेंशन केबल लावली की फरक पडतो. आणि नवा घेणार असाल तर दुकानात आधी चिपचं नाव विचारा. मीडियाटेकची एमटी७६१२यू असेल तर तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये बऱ्याच आधीपासून आहे.